कॅन्सरची आनुवंशिकता : वडिलांकडची बाजू कुणी विचारतच नाही

केतकीबन

हे लिहावं की नाही यात दोन महिने गेले. ताईची परवानगी घेतली आहे, म्हणून आज लिहिते.

माझ्या थोरल्या बहिणीला ३८व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला. ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे हार्मोनची औषधं लागू न पडणारा प्रकार. पहिल्या डॉक्टरांनी विचारलं, "आईला, मावशीला, आजीला, कुणाला होता?" आई सत्तरीची, ठणठणीत. तीन मावश्या, तिघीही धडधाकट. "फॅमिली हिस्टरी नाही" असं फाइलवर लिहिलं गेलं आणि आम्हीही तेच धरून चाललो. आपल्या घराण्यात नाही, मग हिलाच कसा झाला, हा प्रश्न आई रात्र रात्र उगाळत बसायची.

किमो अर्ध्यावर आली तेव्हा दुसऱ्या एका डॉक्टरांनी जेनेटिक काउन्सेलरकडे पाठवलं. त्या बाईंनी कोरा कागद आडवा धरला आणि आमची वंशवेल काढायला घेतली. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल. कॅन्सर झालेला असेल तर आतून काळं करायचं, माणूस गेलेलं असेल तर वरून तिरकी रेघ. आईची बाजू पाच मिनिटांत संपली. सगळे गोल कोरे. मग म्हणाल्या, "आता वडिलांकडचं सांगा."

बाबा बरोबर होते. म्हणाले, "माझी एक बहीण लवकर गेली. पण तिला कॅन्सर नव्हता. पोटात पाणी झालं होतं."

बाईंचं पेन थांबलं. "किती वर्षांच्या होत्या?"

"सत्तेचाळीस."

"आणि तुमची आई?"

"मी नववीत असताना गेली. छातीला गाठ होती म्हणायचे. लेप लावायचे त्यावर."

आमच्या घरात या दोन्ही गोष्टी सगळ्यांना माहीत होत्या. पण "पोटात पाणी" आणि "छातीची गाठ" यांना कुणी कधी कॅन्सर म्हटलं नव्हतं.

आत्याचे कागद शोधायला तीन आठवडे लागले. लग्नात तिचं नाव बदललेलं, त्यामुळे आम्ही ज्या नावानं तिला ओळखायचो त्या नावाची फाइल कुठेच नव्हती. शेवटी आत्येबहिणीला माळ्यावरच्या ट्रंकेत डिस्चार्ज कार्ड सापडलं. घडीवर फाटलेलं, टाइपरायटरवर टाइप केलेलं. निदान : अंडाशयाचा कार्सिनोमा. वर्ष १९९४.

ताईच्या रक्ताचा रिपोर्ट आला : बीआरसीए१ जनुकात रोगकारक बदल. मग बाबांनी रक्त दिलं. त्यांच्यातही तोच बदल. ७४ वर्षांचे बाबा, आयुष्यात कधी सलाइन लागलं नाही. रिपोर्ट हातात धरून म्हणाले, "म्हणजे माझ्यामुळे?" काउन्सेलर म्हणाल्या, "आजोबा, तुम्हालाही कुणीतरी दिलंच ना?" त्यावर ते काही बोलले नाहीत. घरी येताना गाडीतही नाही.

मी तपासणी केली. माझ्यात तो बदल नाही. हे ऐकून आनंद व्हायला हवा होता, पण तो झाला नाही.

आता खरा प्रश्न. दादा, म्हणजे माझा भाऊ, तपासायला तयार नाही. म्हणतो, "बायकांचा आजार तो, मला कुठे होणार आहे?" त्याला दोन मुली आहेत, २२ आणि १७ वर्षांच्या. आत्येबहीण ४४ची आहे, ती म्हणते, "लेकीसाठी स्थळं बघतोय, आत्ता हा विषय नको." या दोघांशी कसं बोलू? कुणी या वाटेनं गेलं असेल तर सांगा.

जाईजुई

केतकीबन, वाचून सुन्न झाले. ताईंना लवकर बरं वाटो. आमच्याकडेही एक काकू "पोटात पाणी होऊन" गेल्या. आजवर कधी विचारच केला नव्हता.

सातारकर

एक विचारतो, वेगळं असलं तरी. माझी आजी तोंडाच्या कॅन्सरनं गेली. मावशीला गालाला झाला, ऑपरेशन झालं. आता आईच्या तोंडात पांढरा चट्टा दिसतोय. तिघींनाही मिश्रीची सवय, आजीला तर दिवसातून सात-आठ वेळा लागायची. गावातले म्हणतात तुमच्या घराण्यातच आहे. हे जनुकाचं आहे का?

जनुकवेल

मी मुंबईत जेनेटिक काउन्सेलर म्हणून काम करते. (केतकीबन यांच्या काउन्सेलर मी नव्हे.)

सातारकर, तुमचं आधी, कारण ते तातडीचं आहे. आईंना या आठवड्यातच दंतवैद्याकडे किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे न्या. पांढरा चट्टा ही कॅन्सरच्या आधीची पायरी असू शकते आणि त्या पायरीवर खूप काही करता येतं. एका घरात तिघींच्या तोंडात असं काही दिसलं तर सगळ्यात आधी बघायचं ते जनुकाकडे नाही, मिश्रीच्या डबीकडे. घराण्यात आला तो आजार नाही, सवय आली. आजीनं लेकींना दात घासायला मिश्री दिली, लेकींनी ती आयुष्यभर लावली. "आमच्यात आहेच" म्हणून कुणी डबी खाली ठेवली नाही तर ते फार वाईट होईल. मिश्री सोडली की धोका उतरतो. जनुक सोडता येत नाही, मिश्री सोडता येते.

एकूण कॅन्सरपैकी जन्मतः मिळालेल्या एखाद्या ठळक जनुकीय बदलामुळे होणारे साधारण ५ ते १० टक्केच असतात. बाकीच्यांत बदल होतात तेही जनुकांतच, पण ते आयुष्यभरात त्या त्या अवयवाच्या पेशींत होतात. तंबाखू, वाढतं वय, काही विषाणू, आणि पेशी दुभागताना होणाऱ्या निव्वळ चुका. ते बदल मुलाबाळांकडे जात नाहीत.

केतकीबन, तुमच्यासाठी सविस्तर लिहिते, थोडा वेळ द्या.

एकवाटसरू

बीआरसीए म्हणजे कॅन्सरचं जनुक ना? मग ते आपल्यात असलं तर कॅन्सर होणारच?

जनुकवेल

एकवाटसरू, हा गैरसमज इतक्यांदा ऐकते की इथे नीट लिहून ठेवते.

बीआरसीए१ आणि बीआरसीए२ ही जनुकं तुमच्यात, माझ्यात, सगळ्यांत आहेत. ती कॅन्सर करत नाहीत, अडवतात. पेशीतला डीएनए तुटला की तो सांधायचं काम त्यांचं. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. धान्याच्या पोत्याला दुहेरी शिवण असते तसं समजा. एक उसवली तरी दुसरी धान्य सांडू देत नाही. ज्यांना बिघडलेली प्रत मिळते त्यांची एक शिवण जन्मापासून उसवलेली असते. दुसरी शाबूत असते, म्हणून ते बाळ निरोगीच जन्मतं आणि कित्येक जण शेवटपर्यंत निरोगी राहतात. केतकीबन यांचे बाबा बघा. पण लाखो पेशींपैकी एखाद्या पेशीत पुढे ती दुसरी शिवणही गेली, तर त्या पेशीला आवर राहत नाही.

म्हणून वारशानं येतो तो कॅन्सर नव्हे, धोका.

हा "दोन फटक्यांचा" विचार आल्फ्रेड नुडसन या अमेरिकन डॉक्टरांनी १९७१ मध्ये मांडला, तो लहान मुलांच्या डोळ्यांच्या कॅन्सरवरून. ज्या मुलांना दोन्ही डोळ्यांत गाठी होत्या त्यांना आजार अगदी लहान वयात व्हायचा, एकाच डोळ्यात असलेल्यांना बऱ्याचदा थोडा उशिरा. त्यांनी वयांचा हिशेब मांडला आणि अनुमान काढलं की पहिल्या मुलांना एक फटका जन्मतःच बसलेला असणार. तेव्हा ते जनुक सापडलेलंही नव्हतं.

स्तनाच्या कॅन्सरसाठी असं एखादं एकच जनुक असेल, यावर कित्येक वर्षं फारसा कुणाचा विश्वास नव्हता. मेरी-क्लेअर किंग या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी कुटुंबांमागून कुटुंबं तपासून १९९० मध्ये ते १७व्या गुणसूत्रावर आहे एवढं दाखवून दिलं. नेमकं जनुक, म्हणजे बीआरसीए१, हाती आलं १९९४ मध्ये, आणि पुढच्या वर्षी बीआरसीए२.

केतकीबन

१९९४. आत्याच्या डिस्चार्ज कार्डावर तेच वर्ष आहे.

जनुकवेल

हो, तुमचं लिहिणं वाचताना तिथेच थांबले होते.

आता आकडे, कारण दादांशी बोलताना लागतील. बीआरसीए१ मध्ये बिघाड असलेल्या स्त्रीला वयाच्या ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता साधारण ७२ टक्के, अंडाशयाचा ४४ टक्के. बीआरसीए२ मध्ये हेच साधारण ६९ आणि १७. हे पाश्चात्त्य देशांतल्या मोठ्या अभ्यासातले आकडे आहेत. तुलनेसाठी, भारतात सर्वसाधारणपणे २९ स्त्रियांमागे एकीला आयुष्यात स्तनाचा कॅन्सर होतो.

वडिलांकडच्या बाजूबद्दल तुम्ही लिहिलंत ते सोन्यासारखं आहे. बिघडलेली प्रत अपत्याकडे जाण्याची शक्यता प्रत्येक वेळी निम्मी. देणारा पुरुष की बाई, घेणारा मुलगा की मुलगी, याचा तिथे संबंध नाही. फरक इतकाच की पुरुषात ती बहुतेकदा गप्प बसते. त्यामुळे आजी, मग निरोगी बाबा, मग नात, असा एक पिढी ओलांडल्यासारखा देखावा दिसतो. प्रत्यक्षात ती कुणालाच ओलांडत नाही, बाबांतून चालत येते. आणि आपल्याकडे बाईच्या आजाराची चौकशी आईच्या बाजूला करायची, अशी डॉक्टरांपासून सगळ्यांची सवय. लग्न करून गेलेली आत्या दुसऱ्या आडनावात जाते आणि घरच्या वंशवेलीतून पुसली जाते. माझ्यासमोर असे कागद दर महिन्याला येतात.

तुमची स्वतःची तपासणी निगेटिव्ह आहे, तिचा अर्थही सांगते. घरातला नेमका बदल माहीत आहे आणि तो तुमच्यात नाही, म्हणजे तुमचा धोका साधारण इतर कुठल्याही बाईइतकाच. तो बदल तुमच्या मुलांकडे तुमच्याकडून जाऊच शकत नाही.

कृष्णाकाठ

पुरुषांनी यात बोलायला हवं म्हणून लिहितो. माझं वय ५१. धाकट्या बहिणीला झाला, बीआरसीए२ निघालं. मीही वर्षभर टाळलं. शेवटी गेलो ते मुलीसाठी नाही, खरं सांगतो, भीतीपोटी. कारण समजलं की बीआरसीए२ असलेल्या पुरुषाला प्रोस्टेटच्या कॅन्सरचा धोका बराच वाढतो, आणि तो झाला तर पुष्कळदा लवकर आणि आक्रमक असतो. स्वादुपिंडाचाही वाढतो. पुरुषाच्या छातीचाही, कारण पुरुषालाही तिथे थोडा स्तनाचा भाग असतो. मी पॉझिटिव्ह निघालो. आता दरवर्षी पीएसए ही प्रोस्टेटची रक्ततपासणी करतो. एवढंच बदललं आयुष्यात. रक्त द्यायला पाच मिनिटं लागली.

केतकीबन, दादाला माझं नाव सांगून उपयोग नाही, पण फोनवर बोलायला मी तयार आहे. संदेश पाठवा.

उंबरठा

माझं मत इथल्या बहुतेकांपेक्षा वेगळं आहे. माझी आई अंडाशयाच्या कॅन्सरनं गेली. मला तपासणी करायला सांगितलं, मी नाही म्हणाले. माझी मुलं आठ आणि पाच वर्षांची आहेत. तो रिपोर्ट घरात आला तर मी रोज सकाळी त्याच्याबरोबर उठेन, हे मला माहीत आहे. भित्री म्हणू नका. दादांना सारखं सारखं सांगू नका एवढंच म्हणेन.

शेवंती

उंबरठा, माझ्या बाबतीत उलटं झालं. न कळण्याच्या तीन वर्षांत मी जेवढी घाबरले तेवढी कळल्यावर घाबरले नाही. पण हे ज्याचं त्याचं असतं, हे मान्य.

जनुकवेल

उंबरठा, तुम्हाला भित्रं कुणी म्हणणार नाही. न जाणून घेण्याचा हक्क आमच्या कामात पूर्ण मानला जातो, कुणालाही ढकलत रक्त द्यायला नेणं चूकच. पण दोन गोष्टी कानावर घालते. तपासणी केली नाही तरी आईंच्या इतिहासावरून स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटून देखरेखीचं ठरवता येतं. आणि आईंच्या ऑपरेशनचा ब्लॉक, म्हणजे मेणात ठेवलेला गाठीचा तुकडा, हॉस्पिटलात अजून असेल तर तो जपून ठेवायला सांगा. पुढे तुमचं मन बदललं तर उपयोगी पडू शकेल.

आजही अंडाशयाच्या कॅन्सरसाठी भरवशाची चाळणी-तपासणी नाही. सोनोग्राफी आणि सीए-१२५ ही रक्ततपासणी नियमित केली तरी तो लवकर सापडतोच असं नाही. म्हणून बीआरसीए१ मध्ये अपत्यं झाल्यावर, साधारण ३५ ते ४० वयात, अंडाशय आणि बीजवाहिन्या काढून टाकण्याचा सल्ला देतात. ऐकायला हे भयंकर वाटतं, मला माहीत आहे. त्यानं पाळी अकाली जाते, हाडांचं बघावं लागतं, मनाचंही. पण जीव वाचवण्याच्या बाबतीत याच्याइतका पक्का उपाय दुसरा नाही. स्तनासाठी मात्र देखरेखीचा पर्याय खरा आहे : २५पासून दरवर्षी एमआरआय, ३०पासून सोबत मॅमोग्राफी. स्तन काढणं हा निर्णय त्या बाईचा.

न्यूजर्सीची

इकडे अमेरिकेत २०१३च्या मे महिन्यात अँजेलिना जोली या नटीनं बीआरसीए१मुळे स्तन काढून घेतल्याचं लिहिलं तेव्हा आमच्या मंडळाच्या बायकांत पहिल्यांदा हा विषय उघड निघाला. तिची आई ५६व्या वर्षी गेली होती. आणि त्याच वर्षी १३ जूनला इथल्या सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की शरीरात निसर्गतः असलेल्या जनुकावर पेटंट घेता येणार नाही. तोवर इकडे ही तपासणी एकाच कंपनीकडे होती. त्यानंतर इतर लॅब उतरल्या आणि दर खाली आले.

घरबसल्या थुंकी पाठवायच्या किटबद्दल सावध करते. २०१८ मध्ये एफडीएनं, म्हणजे इकडच्या सरकारी औषध नियामकानं, अशा एका किटला परवानगी दिली ती बीआरसीएच्या फक्त तीन बदलांसाठी, आणि ते तिन्ही मुख्यतः अश्केनाझी, म्हणजे मूळच्या मध्य-पूर्व युरोपातल्या, ज्यू लोकांत आढळणारे. त्यांच्यात दर ४० माणसांत एकाला यांपैकी एखादा असतो. बीआरसीएमध्ये रोगकारक बदल हजारो आहेत. माझ्या नणंदेनं किट केलं, काही निघालं नाही, ती निर्धास्त झाली. मराठी माणसाला त्या "नाही"चा काडीचा उपयोग नाही.

एकवाटसरू

विम्याचं काय? रिपोर्ट कळला तर कंपनी हात वर करेल ना? माझ्या मेव्हण्याचा क्लेम "आनुवंशिक आजार" म्हणून एकदा फेटाळला होता.

न्यूजर्सीची

इकडे २००८चा कायदा आहे. आरोग्य विमा आणि नोकरी यांत जनुकीय माहिती वापरता येत नाही. आयुर्विम्याला मात्र तो लागू नाही, म्हणून पुष्कळ जण आधी पॉलिसी घेतात आणि मग तपासतात.

कृष्णाकाठ

आपल्याकडे फेब्रुवारी २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं सरसकट "आनुवंशिक आजार वगळले" असं कलम भेदभाव करणारं ठरवलं. पाठोपाठ मार्चमध्ये इरडानं, म्हणजे विमा नियामकानं, कंपन्यांना सांगितलं की केवळ त्या कलमावर क्लेम नाकारू नका. मेव्हण्यांचा क्लेम कधीचा आहे ते बघा. नंतरचा असेल तर लढायला जागा आहे.

शेवंती

एक भर घालते. माझ्या रिपोर्टवर "अर्थ अनिश्चित असलेला बदल" असं आलं होतं. मी गर्भाशय काढायला निघाले होते! काउन्सेलरनं थांबवलं. असा बदल म्हणजे पॉझिटिव्ह नव्हे. आजवरची बहुतेक माहिती युरोपीय वंशाच्या लोकांची, त्यामुळे आपल्या लोकांत असे प्रश्नचिन्हवाले रिपोर्ट जास्त येतात. दोन वर्षांनी लॅबचं पत्र आलं, तो बदल निरुपद्रवी ठरला होता. असल्या कागदावर कुणी शस्त्रक्रिया करून घेऊ नका, कळकळीनं सांगते.

जाईजुई

फक्त स्तन आणि अंडाशयाचंच असतं का असं?

जनुकवेल

नाही. मोठ्या आतड्याचा आणि गर्भाशयाचा कॅन्सर एकाच घरात, पन्नाशीच्या आत, दिसला तर लिंच सिंड्रोम या आनुवंशिक दोषाचा विचार करतात. याची गोष्ट जुनी आहे. १८९५ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये ऑल्ड्रेड वॉर्थिन नावाच्या पॅथॉलॉजिस्टना त्यांच्याकडे शिवणकाम करणारी बाई म्हणाली, मीही लवकरच मरणार, आमच्याकडे सगळे आतड्याच्या नाहीतर बाईच्या अवयवांच्या कॅन्सरनं जातात. ती तशीच गेली, गर्भाशयाच्या कॅन्सरनं. वॉर्थिननी तिचं कुटुंब नोंदवून १९१३ मध्ये छापलं, पुढे हेन्री लिंच या डॉक्टरांनी तेच कुटुंब पुन्हा अभ्यासलं. तिला शास्त्र ठाऊक नव्हतं, पण आपल्या घरातलं कोण कशानं गेलं हे ठाऊक होतं. लिंच असलेल्यांनी २०-२५ वयापासून एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून मोठ्या आतड्याची तपासणी, केली तर गाठ कॅन्सर होण्याआधीच काढता येते.

केतकीबन, दादांसाठी : कॅन्सर हा शब्द पहिल्या वाक्यात आणू नका. बाबांच्या रिपोर्टची प्रत द्या, मुलींच्या वयांची आठवण करून द्या आणि सांगा की दादा निगेटिव्ह निघाले तर दोन्ही मुलींचा प्रश्न तिथेच मिटतो. १८ च्या आत धाकटीची तपासणी करायची गरज नाही. घरातला बदल माहीत आहे, त्यामुळे फक्त तेवढीच जागा तपासायची, आणि ती तपासणी ताईंच्या पूर्ण पॅनेलपेक्षा, म्हणजे अनेक जनुकं एकत्र तपासण्यापेक्षा, कितीतरी स्वस्त पडते. खारघरला टाटा मेमोरियलच्या ॲक्ट्रेक या कॅन्सर संशोधन केंद्रात यासाठी वेगळा विभाग आहे.

आत्येबहिणीसाठी : रिपोर्ट तिचा असतो, तो कुणाला दाखवावा लागत नाही. स्थळं बघणं आणि रक्त देणं, दोन्ही एकाच महिन्यात होऊ शकतं. ४४ वय आहे, थांबायला फार जागा नाही. आणि ताईंना डॉक्टरांना ओलापॅरिबबद्दल विचारायला सांगा. ज्या पेशींची एक दुरुस्ती बंद आहे त्यांची दुसरीही अडवायची, असं ते औषध काम करतं. तो रिपोर्ट उपचारातही उपयोगी पडू शकतो.

केतकीबन

पाच आठवड्यांनी परत आले. सगळ्यांचे उपकार आहेत. कृष्णाकाठ, तुमचा फोन दादानं घेतला, पाऊण तास बोलला, मग मला काहीच म्हणाला नाही.

पुढच्या रविवारी दादाच्या थोरल्या मुलीचा फोन आला. "आत्या, बाबांच्या टेबलावर आजोबांचा रिपोर्ट बघितला. मला तो कागद पाठव, गोल आणि चौकोनांचा." मी फोटो पाठवला. अर्ध्या तासानं तिनं परत पाठवला. आमच्या पिढीखाली तिनं पेन्सिलीनं दोन गोल काढले होते, स्वतःचा आणि धाकटीचा, आणि दादाच्या चौकोनात प्रश्नचिन्ह. म्हणाली, "मी देते रक्त." मी सांगितलं, आधी बाबांनी द्यायचं असतं. पलीकडे दादा ऐकत होता बहुतेक.

मंगळवारी तो गेला. स्वतः गाडी चालवत, एकटा. रिपोर्टला तीन आठवडे आहेत.

आत्येबहीण अजून "बघू" म्हणते आहे. तिच्या आईच्या डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स मी काल कुरिअर केली. मूळ कार्ड तिच्याकडेच आहे, पण घडीवर फाटलं आहे, म्हणून.

सातारकर

आईची बायोप्सी झाली. कॅन्सर नाही. डॉक्टर म्हणाले दर तीन महिन्यांनी दाखवा. मिश्री बंद होऊन सव्वीस दिवस झाले. डबी मी विहिरीत टाकली.